काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतील चित्र

परभणी जिल्ह्यांतील काळ्या रानांत श्रावण सरतां सरतां कापसाला फुलें लागतात, आणि त्याच सुमारास शेतकऱ्याच्या मनांत एक धास्ती घर करते. गुलाबी बोंडअळी आली तर नाहीं ना? २०१७ सालीं या अळीनें महाराष्ट्रांतील कापसाचें अतोनात नुकसान केलें. तेव्हांपासून तिचें नांव ऐकलें नाहीं असा कापूस-उत्पादक मराठवाड्यांत शोधूनहि सापडावयाचा नाहीं. परंतु नांव माहीत असणें निराळें आणि ती आल्याची पहिली खूण ओळखतां येणें निराळें. ती खूण दाखविणारें चित्र शेतकऱ्याच्या खिशांतील मोबाइलवर पोहोंचवावयाचें आहे, आणि तो मोबाइल जुन्या घडणीचा, बटणांचा, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. चित्रकाराजवळ संगणकावर काढलेलें मोठें, रंगीत, रेखीव चित्र तयार आहे. तें त्या चिमुकल्या पडद्यावर उतरवावयाचें कसें, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम त्या पडद्याची ओळख करून घेणें जरूर आहे. २००० सालीं निघालेल्या नोकिया ३३१० या यंत्राचा पडदा रुंदीला ८४ व उंचीला ४८ ठिपक्यांचा होता. २००३ सालीं आलेल्या नोकिया ११०० या यंत्राचा पडदा ९६ गुणिलें ६५ ठिपक्यांचा. धुळीपासून जपणारा कळफलक आणि माथ्यावरची विजेरी यांमुळें हें दुसरें यंत्र खेड्यापाड्यांत विशेष रुजलें. साऱ्या जगांत त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. या पडद्यांवरील प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाहीं तर कोरा. करडा नाहीं, फिका नाहीं, आणि गुलाबी तर नाहींच. ८४ ला ४८ नीं गुणिलें असतां ४०३२ होतात. एवढ्याच ठिपक्यांच्या भांडवलावर सारा संसार करावयाचा. त्यांतहि नोकियाच्या यंत्रांवर संदेशाबरोबर जें चित्र धाडतां येत असे, त्याचें माप ७२ गुणिलें २८, म्हणजे अवघे २०१६ ठिपके, असें ठरलेलें होतें.

येथें एक शंका निघेल. आतां मोठ्या रंगीत पडद्यांचे मोबाइल घरोघर झाले असतां या जुन्या यंत्रांची उठाठेव कशाला? शंका रास्त आहे. पण तिला उत्तर आहे. ज्याच्या हातीं जुनेंच यंत्र आहे, त्याला चित्राची गरज कमी असते असें नाहीं. बहुधा अधिकच असते. शिवाय काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचें काम मोबाइलपुरतें नाहीं. एस. टी. च्या वाहकाचें तिकीटयंत्र, दुकानांतील पावतीचें यंत्र, मतदानयंत्राशेजारीं चिठ्ठी छापणारें यंत्र, या सर्वांचा कारभार याच रीतीनें चालतो. जुन्या मोबाइलच्या पडद्यावर जी विद्या हातीं येते, ती या सर्व ठिकाणीं उपयोगीं पडते.

आतां मूळ चित्राकडे वळावें. संगणकावर चित्र दोन प्रकारांनीं साठवितां येतें. एक प्रकार ठिपक्यांचा: कोणत्या ओळींत कोणता ठिपका कोणत्या रंगाचा, याची यादी. दुसऱ्या प्रकाराला व्हेक्टर म्हणतात. त्यांत ठिपके नसतात. चित्र काढण्याची कृति असते. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशा वळणाची रेघ ओढावी, ती इतकी जाड असावी, आंतील भाग हिरव्या रंगानें भरावा, अशा आज्ञांची ती माळ असते. एखाद्या सुगरणीनें रांगोळीची रीत तोंडीं सांगितली, तर ऐकणारीनें ती वीतभर उंबरठ्यावर काढावी किंवा सबंध अंगणांत. रीत तीच राहते. फ्रान्समधील रेनो कारखान्याचे अभियंते पिएर बेझिए यांनीं १९६० नंतरच्या दशकांत मोटारगाड्यांच्या वळणदार अंगांसाठीं वक्ररेषा सांगण्याची एक गणिती रीत प्रचारांत आणली. तीच आज बहुतेक व्हेक्टर चित्रांच्या पोटांत असते. असें चित्र कितीहि मोठें केलें तरी त्याची कड फाटत नाहीं. म्हणूनच पुष्कळांची समजूत होते कीं, तें कितीहि लहान केलें तरी बिघडणार नाहीं. सारा घोटाळा या समजुतींत आहे.

थोडें अंकगणित करून पाहावें. मूळ चित्राची उंची १००० मापांची धरली आणि तें २८ ओळींत बसवावयाचें ठरविलें, तर एका ओळीच्या वाट्याला मूळ चित्राचीं सुमारें ३६ मापें येतात. चित्रकारानें पाकळीची कड १० मापें जाड काढली असेल, तर ती एका ठिपक्याचा जेमतेम २८ टक्के भाग व्यापते. यंत्राचा साधा नियम असा कीं, ठिपका निम्म्याहून अधिक व्यापला तर काळा करावा, एरवीं कोरा सोडावा. २८ हे ५० पेक्षां कमी. ठिपका कोरा राहिला आणि पाकळीची कड नाहींशी झाली! यंत्रानें चूक केली नाहीं. त्याला सांगितलें तेंच केलें. म्हणून लहान करण्यापूर्वींच मूळ चित्रांतील जी रेघ राखावयाची ती ३६ मापांएवढी जाड केली पाहिजे, आणि जी तेवढी जाड करण्याच्या योग्यतेची नसेल ती पुसून टाकली पाहिजे.

जाडी पुरेशी असली तरी दुसरी अडचण उभी राहते. बरोबर एका ठिपक्याची रेघ दोन ओळींच्या सीमेवर पडली, तर दोन्हीं ओळींचे ठिपके निम्मे निम्मे व्यापले जातात. मग ती रेघ एक तर दुप्पट जाड होते, नाहीं तर अजिबात पुसली जाते. शेताचा बांध दोन गटांच्या मध्यें पडावा आणि मोजणीदारानें तो कोणाच्याच नांवावर लावूं नये, तशांतला हा प्रकार. यावर उपाय एकच: चित्राच्या खालीं चौकटींची जाळी आंखून घ्यावी आणि आडव्या-उभ्या रेघा जाळीच्या घरांत नेमक्या बसतील अशा सरकवाव्या.

तिरप्या रेघेचें तर पायऱ्यांवांचून भागतच नाहीं. सेलू तालुक्यांत वालूर येथें जुनी बारव आहे; तिच्या पायऱ्या गोल फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात. दुरून पाहणाऱ्याला ती एक वळणदार रेघ भासते; जवळ गेल्यावर कळतें कीं, तें वळण दगडाच्या सरळ पायऱ्यांचें बनलें आहे. ठिपक्यांचें वर्तुळ तसेंच असतें. पायऱ्या नियमानें, म्हणजे प्रथम चार ठिपके, मग दोन, मग एक, अशा क्रमानें कमी होत गेल्या, तर डोळा त्यांना गोलाई मानतो. मध्येंच एखादी पायरी वेडीवांकडी पडली, तर तेवढ्याच जागीं नजर ठेंचाळते. शिवाय नोकिया ३३१० च्या पडद्यावरील ठिपका चौरस नव्हता. तो रुंदीपेक्षां उंचीला अधिक होता. संगणकावर मोजून काढलेलें वर्तुळ त्या पडद्यावर उभ्या अंड्यासारखें दिसे. हें ध्यानांत घेऊन चित्र अगोदरच थोडें रुंद करून ठेवावें लागे.

येथपर्यंतचें काम हाताच्या कौशल्याचें झालें. खरी कसोटी पुढें, रंगाच्या ठिकाणीं लागते. रंगीत चित्र काळें-पांढरें करतांना यंत्र प्रत्येक रंगाचा उजेड मोजतें. लाल अंशाला १०० पैकीं ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ असें वजन देण्याची रूढ रीत आहे. कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद भासतो. आतां चित्रकारानें बोंड हिरवें काढलें आणि त्यावर गुलाबी अळी काढली. समजा, अळीच्या रंगांत लाल २३०, हिरवा १२० आणि निळा १४० असे अंश आहेत, आणि बोंडाच्या रंगांत लाल १००, हिरवा १९०, निळा १००. प्रत्येक अंश ० पासून २५५ पर्यंत मोजावयाचा असतो. वजनें लावून बेरीज केली, तर अळीचा उजेड १५५ येतो आणि बोंडाचा १५३. ज्या दोन रंगांतील भेद शाळेंत न गेलेलें मूलहि सांगेल, ते यंत्राच्या लेखीं जवळजवळ एकच! १२८ च्या वरचें सारें पांढरें, असा नियम लावला कीं अळी बोंडांत विरून गेली. कापूस-उत्पादकाला सावध करण्यासाठीं काढलेल्या चित्रांत बोंड निरोगी दिसूं लागलें.

येथें चित्रकारानें थांबून विचार केला पाहिजे कीं, दाखवावयाचें तें नेमकें काय. ‘गुलाबी’ हा शब्द अळीच्या नांवांतच असल्यामुळें हात प्रथम रंगाकडे धांवतो. परंतु शेतकऱ्याला पहिल्यानें अळी दिसतच नाहीं. ती लहानपणीं पांढुरकी असते, गुलाबी रंग तिला मागाहून येतो. बोंडांत शिरल्यावर तिनें पाडलेलें छिद्र बुजून जातें, आणि वरून पाहणाऱ्याला बोंड धडधाकट भासतें. बाहेरून दिसणारी पहिली खूण म्हणजे डोमकळी. अळी फुलांत शिरून पाकळ्या धाग्यांनीं आंतून गुंफून टाकते. त्यामुळें फूल उमलत नाहीं, मिटलेल्या गुलाबासारखें राहतें. ही खूण रंगाची नसून आकाराची आहे. उमललेलें फूल आणि मिटलेलें फूल यांतील फरक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांना सहज पेलतो. जें चित्र रंगावर उभें होतें तें आकारावर उभें करतां आलें, म्हणजे निम्मी लढाई जिंकल्यासारखें आहे.

७२ गुणिलें २८ च्या चौकटींत याची मांडणी अशी करतां येईल. डावीकडे २८ स्तंभांत निरोगी, उमललेलें फूल. उजवीकडे २८ स्तंभांत डोमकळी. मध्यें उरलेले १६ स्तंभ कोरे. मध्यें बाण काढण्याचा मोह होईल; पण बाण पाहून एखादा समजेल कीं, एका फुलाचें दुसरें होतें. कोरी जागा मात्र दोन्हीं फुलें निरनिराळीं आहेत एवढेंच सांगते. पानाच्या शिरा, देंठावरील छटा, पाकळीची नाजूक घडी, हें सर्व गाळावें. उमललेल्या फुलाच्या पाकळ्या पसरट, आंतील भाग कोरा. डोमकळीच्या पाकळ्या एकमेकींवर गुंडाळलेल्या, आणि ती गुंडाळी दाखविण्यापुरत्या दोन वांकड्या रेघा. याहून अधिक कांहीं नको.

कामाचा क्रमहि सांगून ठेवणें बरें. मूळ व्हेक्टर चित्राची प्रत करून मूळ बाजूला ठेवावें. प्रतींतील छटा काढून टाकून सर्व भाग निव्वळ काळे किंवा पांढरे करावे. लगतचे तुकडे एकत्र जोडावे, रेघा जाड कराव्या, जाळीवर बसवाव्या. इंकस्केपसारख्या मोफत मिळणाऱ्या साधनानें एवढें काम होतें. त्यानंतर तें चित्र ठरलेल्या मापांत ठिपक्यांचें करून गिंपसारख्या साधनांत उघडावें आणि पडद्यावर पुष्कळ मोठें करून एकेक ठिपका हातानें तपासावा. वर्तमानपत्रांतील छायाचित्रांप्रमाणें बारीक ठिपक्यांची दाट-विरळ पेरणी करून करड्या रंगाचा भास उत्पन्न करण्याची युक्तिहि आहे. फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांनीं १९७६ सालीं सांगितलेली रीत त्यांत प्रसिद्ध आहे. परंतु ती मोठ्या चित्राला शोभते. २८ ओळींत तशी पेरणी केली, तर फुलावर चिखल उडाल्यासारखें दिसतें. येथें ठळक रेघच खरी.

तयार झालेलें चित्र पाठवितांना जागेचा हिशेब पुन्हां आड येतो. आठ ठिपक्यांचा एक बाइट होतो; ७२ गुणिलें २८ चे २५२ बाइट होतात. मोबाइलच्या एका लघुसंदेशांत मावतात १४० बाइट. त्यांत पुन्हां चित्राचें माप, यंत्रासाठींच्या सूचना आणि तुकडे जोडण्याच्या खुणा यांना जागा द्यावी लागते. त्यामुळें असें एक चित्र तीन संदेशांत विभागून जात असे आणि घेणाऱ्याच्या यंत्रांत पुन्हां सांधलें जात असे. मोबाइलवरील जुन्या महाजालासाठीं डब्ल्यूबीएमपी नांवाचा निराळा नमुना होता. त्यांत १ म्हणजे पांढरा आणि ० म्हणजे काळा. नोकियाच्या चित्रसंदेशांत याच्या नेमकें उलट. हा भेद विसरणाराचें चित्र रात्रीं काढल्यासारखें, काळ्यावर पांढरें, उमटत असे. डब्ल्यूबीएमपींत प्रत्येक ओळ पूर्ण बाइटांत संपावी लागते. ८४ ठिपक्यांच्या ओळीला साडेदहा बाइट पुरतात, पण द्यावे लागतात ११, आणि शेवटचे चार ठिपके भरतीचे राहतात.

कोणी म्हणेल, चित्राचा एवढा खटाटोप करण्यापेक्षां मराठींत चार शब्द लिहून पाठवावे. शब्द पाठवावेच, परंतु त्यांचाहि हिशेब आहे. रोमन लिपींत एका लघुसंदेशांत १६० अक्षरें मावतात, देवनागरींत ७०. शिवाय देवनागरींत मात्रा व वेलांटी यांची गणना स्वतंत्र होते. ‘डोमकळी’ हा शब्द कागदावर चार अक्षरांचा, संदेशांत सहा जागांचा. ‘गुलाबी बोंडअळी’ एवढें लिहिलें कीं १४ जागा, म्हणजे पंचमांश संदेश संपला. ज्या यंत्रांत देवनागरी नव्हती, त्यांवर अक्षरांऐवजीं रिकाम्या चौकटी उमटत. म्हणून पुष्कळदां अक्षरेंच चित्र म्हणून काढावीं लागत. आणि अक्षर काढणें हें फुलाहून अवघड. शिरोरेषेच्या वर मात्रा-अनुस्वार, खालीं उकार. १४ ओळींच्या चौकटींत वर चार, शिरोरेषेला एक, खालच्या उकाराला तीन दिल्या, तर अक्षराच्या मुख्य अंगाला सहाच ओळी उरतात. तेवढ्यांत ‘ब’ च्या पोटांतील तिरपी रेघ निसटली कीं त्याचा ‘व’ होतो. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याचे बारीक ठसे कोरणाऱ्या कारागिरांना हा प्रश्न पोलादावर सोडवावा लागला, र. कृ. जोशी यांनीं ‘मंगल’ हा संगणकीय टंक रेखितांना तोच पडद्याच्या ठिपक्यांवर सोडविला. दोघांच्या कामांतील मर्म एकच: अक्षर लहान होतांना त्याचें सौंदर्य थोडें गेलें तरी चालेल, त्याची ओळख जातां कामा नये.

ओळख टिकविणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्रांचा मोठा साठा भारतांतील मतदारांच्या परिचयाचा आहे. तीं चित्रें म्हणजे निवडणुकीचीं चिन्हें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठीं चिन्हांची योजना झाली. निवडणूक आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी, जे १९९२ सालीं निवृत्त झाले, त्यांनीं कितीतरी मुक्त चिन्हें साध्या पेन्सिलीनें रेखाटलीं. शिट्टी, कपबशी, शिवणयंत्र, नारळ, कंदील: रंग नाहीं, छटा जेमतेम, तरी पाहतांच ओळख पटते. २०१९ च्या लोकसभा-निवडणुकींत देशभर सर्व मतदानकेंद्रांवर चिठ्ठी छापणारीं यंत्रें बसलीं. कांचेआड ती चिठ्ठी सात सेकंद दिसते. तेवढ्या वेळांत मतदारानें आपलें चिन्ह ओळखावयाचें असतें. तेथें चित्र सुंदर आहे कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं.

मोबाइलवरील चित्राची परीक्षाहि अशीच घ्यावी. ज्यानें मूळ चित्र पाहिलें नाहीं अशा माणसापुढें, शक्य तर भर उन्हांत, हातभर अंतरावर यंत्र धरावें आणि विचारावें, “हें काय आहे?” “ही डोमकळी दिसते का?” असें विचारूं नये, कारण भिडस्त माणूस ‘हो’ म्हणतो आणि परीक्षा फुकट जाते. तीन माणसांपैकीं एकानें जरी ‘कांदा’ म्हटलें, तरी चित्रकारानें पुन्हां जाळीवर बसावें. उन्हाचा मात्र लाभच होईल: या जुन्या पडद्यांना दिवसा आंतील दिव्याची गरज नसे, बाहेरचा उजेडच त्यांना वाचनीय करी.

एवढ्यावरून सर्वच चित्रें काळीं-पांढरीं करतां येतात असें मात्र कोणीं समजूं नये. एक उदाहरण याच कापसाच्या शेतांतलें आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणें तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: सर्वांत जहाल तें लाल, त्याखालोखाल पिवळें, मग निळें आणि शेवटीं हिरवें. आतां या चार भडक रंगांना वरचीच वजनें लावून पाहावीं. लालाचा उजेड ७६ च्या आसपास, पिवळ्याचा २२७, निळ्याचा २८, हिरव्याचा १५०. १२८ ची सीमा धरली, तर लाल व निळा दोन्हीं काळे होतात, पिवळा व हिरवा दोन्हीं पांढरे. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचें जहाल विष आणि सर्वांत सौम्य औषध यांच्या खुणा तंतोतंत सारख्या दिसूं लागतात. २०१७ सालींच यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, याचें स्मरण ठेवलें म्हणजे अशा चित्राची चूक ही केवळ चित्राची चूक राहत नाहीं हें ध्यानांत येईल.

येथें रंगाला आकाराचा पर्याय नाहीं. जहाल वर्गावरील कवटी व हाडें सोडलीं, तर आकार सर्वांचा एकच. म्हणून चित्रकारानें अशी खूण ठिपक्यांत उतरविण्याचें नाकारावें आणि तिच्या जागीं सरळ शब्द पाठवावे: “डब्यावरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर अतिजहाल, हातमोजे व तोंडाला कापड घातल्यावांचून हात लावूं नये.” ७० जागांचा संदेश अपुरा पडला, तर दोन पाठवावे. पैसा थोडा अधिक जाईल, तो जाऊं द्यावा.

तात्पर्य, व्हेक्टर चित्र लहान पडद्यावर नेणें म्हणजे तें नुसतें आंखडणें नव्हे. काय ठेवावें, काय गाळावें आणि काय मुळींच चित्रांत सांगूं नये, याचा तो निवाडा आहे. बेरीज-वजाबाकी यंत्र करील. पण शेतकऱ्याला सकाळीं बांधावर उभें राहून काय ओळखावयाचें आहे, हें यंत्राला ठाऊक नसतें. तें चित्रकाराला ठाऊक असलें पाहिजे, आणि ठाऊक नसेल तर त्यानें शेतांत जाऊन पाहिलें पाहिजे. मूळ चित्र जपून ठेवावें. उद्यां निराळ्या मापाचा पडदा आला, तर त्याच कृतीवरून पुन्हां नवें चित्र काढतां येईल.

आणि डोमकळीचें तें चित्र ज्याच्या हातीं पडेल, त्यानें पुढें काय करावें हेंहि येथें सांगून टाकणें योग्य होईल. डोमकळ्या दिसतील तेथें तोडून नष्ट कराव्या. हेक्टरी पांच कामगंध सापळे लावावे. ओळीनें तीन रात्रीं एका सापळ्यांत आठ किंवा अधिक पतंग सांपडले, किंवा शंभरांत दहा फुलें-बोंडें किडलेलीं आढळलीं, तर कृषि विद्यापीठाच्या अथवा कृषि विभागाच्या जाणकारांचा सल्ला घेऊन मगच फवारणीचा विचार करावा. आणि फवारणीपूर्वीं डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावा.